बांधकामस्थळांवरील पावसाळी पाण्याची तपासणी

बांधकामस्थळांवरील पावसाळी पाण्याची तपासणी म्हणजे खोदकाम किंवा भराव चालू असलेल्या जागेवरून पावसाच्या पाण्याबरोबर माती, सिमेंट, तेल व राडारोडा नाल्यात किंवा नदीत वाहून जात नाही ना, याची ठरावीक काळाने केलेली पाहणी होय. झाडोरा काढून उघडी पडलेली माती पावसात झपाट्याने वाहून जाते. हा गाळ गटारे व मोऱ्या तुंबवतो आणि नदीपात्राची वहनक्षमता घटवतो.

कायदेशीर चौकट

अमेरिकेत एक एकर किंवा अधिक जमीन उकरणाऱ्या कामास स्वतंत्र परवाना लागतो. तेथील २०२२ च्या संघीय सर्वसाधारण परवान्यानुसार दर ७ दिवसांनी तपासणी करावी लागते. दुसऱ्या पर्यायात ती दर १४ दिवसांनी, तसेच पाव इंच (सुमारे ६ मिमी) पाऊस झाल्यास २४ तासांच्या आत करावी लागते. भारतात असा स्वतंत्र परवाना नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार प्रवाहात प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी लागते. अशा प्रकल्पांनी दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी अनुपालन अहवाल सादर करावयाचा असतो. या दोन तारखांच्या मधोमध संपूर्ण पावसाळा येतो. जागेची खरी कसोटी लागते ती त्याच काळात.

नंदुरबार जिल्हा

धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या रांगांनी व्यापला आहे. येथील बहुतेक घरे, शाळा व लहान पूल वरील क्षेत्रमर्यादेच्या बरेच खाली असल्याने त्यांना ही मंजुरी व तिच्याबरोबर येणारा अहवाल लागू होत नाही. अशा कामांवर पाण्याच्या निचऱ्याची जबाबदारी प्रामुख्याने बांधकाम परवानगी, निविदेतील अटी व कामावरील अभियंता यांच्यावर येते. रस्ते व पुलांसाठीच्या केंद्रीय विनिर्देशांत मात्र मृदाधूप व गाळ नियंत्रणाचे स्वतंत्र कलम (३०६) आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये अतिवृष्टीमुळे नवापूर तालुक्यात रंगावली व सरपणी नद्यांना पूर येऊन जीवितहानी झाली. तळोदा व धडगाव यांना जोडणाऱ्या चांदसैली घाटात सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून रस्ता बंद पडला. त्या वेळी रुग्णालयाकडे नेल्या जात असलेल्या एका आजारी महिलेचा वाटेतच मृत्यू झाला. या घटनांचे मूळ कारण मुसळधार पाऊस होते, तरी डोंगराळ भागातील कामात निचऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास धोका किती वाढू शकतो, हे त्यांवरून लक्षात येते.

घाटरस्त्याच्या कामावर डोंगराकडील गटार मोकळे आहे का, मोरीच्या तोंडाशी दगडमाती साचली आहे का, कापलेल्या उतारावर भेगा पडल्या आहेत का आणि खोदलेला मलबा दरीच्या बाजूला ढकललेला नाही ना, हे मोठ्या सरीनंतर पाहावे लागते. सपाटीवरील इमारतीच्या कामात वाळू व मातीचे ढीग गटारापासून दूर ठेवणे, मातीचा वरचा सुपीक थर वेगळा साठवणे आणि पाणी बाहेर पडण्यापूर्वी गाळ बसावा म्हणून खड्डा ठेवणे या गोष्टी तपासल्या जातात. हा खड्डा गाळाने भरला की निरुपयोगी ठरतो, म्हणून तो पावसाळ्यात वारंवार उपसावा लागतो.