प्रसूतिगृहाच्या दाराबाहेरचा पिता
पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीमुळे, जातकर्म या जन्मसंस्कारात बाळाला मध व घृत चाटविण्याचा अधिकार शास्त्राने पित्यास दिलेला असूनही, प्रत्यक्षात त्याला अपत्यजन्माची वर्दी पत्राने मिळे व बाळाचे मुख तो पुष्कळदा बारशालाच पाही. १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय उघडले, १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सेवासदनाने परिचारिका घडविल्या. सुईणीचे काम हळूहळू त्यांच्या हाती आले, परंतु प्रसूतिगृहात पुरुषास असलेला मज्जाव टिकला. तो लज्जारक्षणार्थ होता हे खरे. तथापि त्यापायी पित्याचे भय आणि वात्सल्य दोन्ही अव्यक्त राहिली, याचे मला मनापासून दुःख होते. अपुऱ्या दिवसांचे अर्भक उघड्या छातीशी धरून ऊब देण्यास आज परिचारिका पित्यासही शिकवितात.