नाताळचा फराळ

शेगांवचें नांव निघतांच पिठलें-भाकरीच्या प्रसादाची आठवण होते. १८७८ सालीं गजानन महाराज येथें प्रकटले आणि ज्वारीच्या मुलखाचें रोजचें अन्नच उत्सवाचें अन्न होऊन बसलें. याच वऱ्हाडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवा सण आला. अकोल्यास अमेरिकेच्या अलायन्स मिशनचें ठाणें झालें, शेगांवच्या शेजारीं खामगांवासही त्याचें काम चालूं झालें. आतां प्रश्न असा कीं, नाताळच्या दिवशीं मराठी ख्रिस्ती घरांत शिजावें काय?

पाद्रीसाहेबांच्या टेबलावर केक असे. मराठी घरांतल्या कढईंत मात्र करंज्या, चकल्या आणि शंकरपाळेच पडले. लाडूही वळले गेले. दिवाळीला दोनेक महिने लोटलेले, हात सरावलेले. सारणांत खोबरें मात्र सुकें, कारण वऱ्हाडांत ओला नारळ कोठला?

यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. तें गोव्याकडे पाहिल्यावर कळतें. तेथें १५६० सालीं धर्मन्यायालय बसलें. त्याच्या १७३६ च्या फर्मानानें ख्रिस्त्यांनीं भात अळणी शिजवून मागाहून मीठ घालणें हेंसुद्धां निषिद्ध ठरविलें, कारण ती हिंदूंची चाल! चुलीवरच्या मिठापर्यंत हात घालणारी ही सत्ता करंजीपुढें मात्र हरली. गोव्याच्या नाताळांत बिबिंक, दोदोल, कुलकुल यांच्या पंगतीस नेवरी असते. आणि नेवरी म्हणजे करंजीच. उलट वसईस पोर्तुगीज अंमल १७३९ सालीं चिमाजी आपांनीं संपविला, तरी ताडीनें आंबवलेल्या पिठाचे फुगे तेथील ख्रिस्ती घरांतून गेले नाहींत. राज्यें बदलतात त्या वेगानें कढई बदलत नाहीं.

देशावरील प्रॉटेस्टंट मिशनांच्या हातीं असलीं फर्मानें नव्हतीं. तेथें अडचण निराळीच होती. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें, आणि त्या जिल्ह्यांत पुढें ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग कुटुंबें पुष्कळ होतीं. ज्यांच्या हातचें पाणी गांव घेत नसे, त्यांच्या घरचें नाताळचें ताट कोण घेणार? वरच्या आळींत होते तीच करंजी आपल्याही घरीं, आपल्या सणाला होते, हें दाखविण्यांत मग निव्वळ जिभेची हौस राहत नाहीं. ती एक प्रकारची मागणी ठरते. अशा ताटांचा हिशेब कोणत्याही मिशनच्या अहवालापेक्षां अधिक बोलका झाला असता.

गोव्यांत या ताटाला नांवही आहे. ‘कोन्सोआद’ हा मूळ पोर्तुगीज शब्द उपवासानंतरच्या हलक्या फराळाचा. गोव्यांत तो शेजाऱ्यांकडे धाडावयाच्या नाताळच्या ताटाला लागला. गणेश चतुर्थीस हिंदु घरची नेवरी ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते, आणि डिसेंबरांत त्याच्या घरची तिच्या वाटेनें परत येते.