तो चालत गेला

सीट बेल्टच्या खाचेत अडकवायची नुसती पत्र्याची जीभ बाजारात विकत मिळते. ती खोचली की गाडीची टीं-टीं बंद, आणि बेल्ट न लावता माणूस मोकळा. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत मी ती पाहतो आणि दर वेळी मला जॅकी इक्स आठवतो. पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

इक्स बेल्जियमचा. जन्म १ जानेवारी १९४५, ब्रुसेल्स. वडील मोटारींवर लिहिणारे पत्रकार. फॉर्म्युला वनमध्ये त्यानं आठ शर्यती जिंकल्या आणि १९६९ व १९७० अशी दोन वर्षं तो विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत दुसरा आला. पण त्याचं खरं घर म्हणजे सहनशक्तीची शर्यत. त्यातली सगळ्यात मोठी फ्रान्समधल्या ल माँ गावची (आपल्याकडे ‘ले मॉन्स’ असंही लिहितात). चोवीस तास, दिवसरात्र, एकच गाडी, चालक आळीपाळीनं. चोवीस तासांत जो जास्तीत जास्त अंतर कापेल तो विजेता. इक्सनं ती सहा वेळा जिंकली. डेन्मार्कच्या टॉम क्रिस्टेन्सननं २००५ मध्ये मोडेपर्यंत तो विक्रम टिकला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पहिल्या विजयाबद्दल. साल १९६९.

ल माँची सुरुवात त्या काळी अशी व्हायची. रस्त्याच्या एका कडेला गाड्या तिरक्या लावलेल्या. समोरच्या कडेला चालक रांगेत उभे. झेंडा पडला की सगळे रस्ता ओलांडून आपापल्या गाडीकडे धावत सुटायचे, दार उघडून आत उडी, किल्ली फिरवली की निघाले. पोर्शेच्या गाड्यांची किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे असते, ती या धावपळीत एक क्षण वाचावा म्हणून, असं सांगितलं जातं. दृश्य मोठं देखणं. प्रेक्षकांना आवडायचं, फोटोवाल्यांना तर फारच. आणि वर्षानुवर्षांची परंपरा.

पूर्वी गाड्यांना बेल्टच नसायचे तेव्हा त्यात फारसं काही बिघडत नव्हतं. साठच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत खांद्यावरून येणारे पट्टे आले, आणि ते नीट आवळायला वेळ लागतो. धावत येऊन बसलेला माणूस तेवढा वेळ कशाला घालवेल? शेजारचा निघून जाईल ना! मग पट्टे न बांधताच निघायचं. पुढे जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता लागायचा, तिथं ताशी तीनशेच्या वेगात गुडघ्यांनी स्टिअरिंग सावरत पट्टे बांधायचे, नाहीतर पहिल्यांदा पेट्रोल भरायला थांबेपर्यंत तसंच जायचं. म्हणजे सुरक्षेचं साधन गाडीत आहे, पण स्पर्धेची रचनाच अशी की ते वापरणारा मूर्ख ठरावा. (ओळखीचं वाटतंय का?)

आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, इक्सचाच देशबंधू विली मेरेस अशाच घाईत गाडीत शिरला. दार नीट लागलंच नाही. पहिल्याच फेरीत त्या सरळ रस्त्यावर, भर वेगात, दार उघडलं आणि गाडी गेली. दोन आठवडे तो बेशुद्ध होता. वाचला, पण पुन्हा शर्यतीत उतरू शकला नाही. १९६९ च्या सप्टेंबरात त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं.

१४ जून १९६९. दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी होती. लोकांना घरी जाऊन मतदान करता यावं म्हणून शर्यत नेहमीपेक्षा दोन तास आधी, दुपारी दोनला ठेवलेली. निवडणुकीसाठी वेळ बदलता येते, पण माणसांच्या जिवासाठी सुरुवात बदलता येत नव्हती, हे मला फार बोलकं वाटतं.

झेंडा पडला. पंचेचाळीस गाड्यांचे चालक धावले. चव्वेचाळीस धावले म्हणू या, कारण चोवीस वर्षांचा इक्स चालत निघाला. त्याची फोर्ड जीटी-४० समोर उभी होती, तो तिच्या दिशेनं शांतपणे पावलं टाकत गेला. मधेच सुटलेल्या एका गाडीपासून अंग वाचवायला त्याला चार पावलं पळावं लागलं. आत बसला, दार लावलं, पट्टे बांधले, आवळले. तोपर्यंत बाकीचे निघून गेले होते. इक्स सगळ्यांत शेवटी.

त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फ नावाचा इंग्रज चालक गेला. हौशी माणूस, पदरच्या पैशानं घेतलेली नवीकोरी पोर्शे ९१७. ती गाडी तेव्हा इतकी अस्थिर होती की मुरलेले चालकही तिला बिचकत. मेझाँ ब्लांशच्या वळणाजवळ ताबा सुटला. पट्टे बांधलेले नव्हते, तो बाहेर फेकला गेला. त्याच्या गाडीच्या जळत्या टाकीवर मागून येणारी ख्रिस एमनची फेरारी आदळली. एमन थोडक्यात वाचला.

१९५५ मध्ये याच रस्त्यावर गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीच्या वर माणसं मेली होती, तेव्हाही शर्यत थांबवली नव्हती. याही वेळी ती चालू राहिली.

इक्सच्या निषेधाची चार ओळींची बातमी होऊन तो विषय संपला असता. ‘चांगला मुलगा, पण शेवटी आला’, एवढंच. पण तो आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर एकेक गाडी मागे टाकत आले. नशीबही होतं. आघाडीवरची पोर्शे ९१७ शेवटच्या काही तासांत बंद पडली. मग उरले दोघं, इक्सची फोर्ड आणि हान्स हरमनची पोर्शे ९०८. फोर्ड जुनी होती, आदल्या वर्षी जिंकलेली तीच गाडी. शेवटचे दीड-दोन तास दोघं एकमेकांना मागे टाकत राहिले. चोवीस तास आणि जवळजवळ पाच हजार किलोमीटरनंतर इक्स साधारण १२० मीटरनं जिंकला.

जे काही सेकंद वाचवण्यासाठी सगळे जीव धोक्यात घालत होते, ते घालवूनही माणूस जिंकतो, हे त्यानं निकालातच लिहून ठेवलं. आयोजकांना उत्तर देणं कठीण झालं. १९७० पासून चालक पट्टे बांधून गाडीत बसूनच झेंड्याची वाट पाहू लागले, आणि १९७१ पासून चालत्या गाड्यांची सुरुवात आली. बदल एकट्या इक्समुळे झाला असं मी म्हणणार नाही, वुल्फचा मृत्यूही त्यात आहे. शर्यतीनंतरच्या सोमवारी पॅरिसला जाताना शार्त्रजवळ एक गाडी इक्सच्या पोर्शेसमोर आली, त्याची गाडी खांबावर आदळून चेपली, आणि बेल्ट सोडून तो धड बाहेर आला. असं कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

मात्र त्याला सुरक्षेचा संत करू नका. त्याच काळात जॅकी स्ट्यूअर्ट रस्त्याकडेचे कठडे, डॉक्टर, अग्निशमन यासाठी भांडत होता, आणि इक्सला ती चळवळ पटत नव्हती. नुरबुर्गरिंगसारखे जुने, धोकादायक रस्ते त्याला प्रिय होते. १९७० मध्ये स्पेनला ऑलिव्हरच्या, म्हणजे ल माँच्या जोडीदाराच्याच, बिघडलेल्या गाडीनं त्याला ठोकलं आणि तो भाजला. तरी मत फारसं बदललं नाही. धोका पत्करायला त्याची ना नव्हती, बिनकामाच्या धोक्याला होती, असा माझा अर्थ. तुमचा वेगळा असू शकतो.

पुढची कारकीर्द भरभरून आहे. १९७७ मध्ये स्वतःची गाडी बंद पडल्यावर तो संघाच्या दुसऱ्या गाडीत बसला. ती चाळीस गाड्यांच्या मागे पडलेली होती. रात्रभर चालवून त्यानं ती पहिल्या क्रमांकावर आणली. १९८४ मध्ये मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत तो अधिकाऱ्याच्या खुर्चीत होता. धो धो पावसात त्यानं शर्यत मधेच थांबवली तेव्हा आयर्टन सेना प्रोस्टला गाठत आला होता. प्रोस्टच्या गाडीचं इंजिन पोर्शेनं बनवलेलं, आणि इक्स पोर्शेचा चालक. लोकांनी काय अर्थ काढला हे सांगायला नको. वरिष्ठांना न विचारल्याबद्दल त्याला दंडही झाला.

१ सप्टेंबर १९८५ रोजी बेल्जियममध्येच, स्पाच्या रस्त्यावर, तरुण जर्मन चालक स्टेफान बेलोफ त्याला ओ रूजच्या वळणावर ओलांडायला गेला. दोन्ही गाड्या भिडल्या. बेलोफ गेला, वय सत्तावीस. त्या मोसमाअखेर इक्सनं विश्वविजेतेपदाच्या सहनशक्ती शर्यती सोडल्या.

वाळवंटातली पॅरिस-डाकार रॅली मात्र तो जात राहिला. ती त्यानं १९८३ मध्ये जिंकली होती. १९८९ मध्ये प्यूजोचे दोन चालक, इक्स आणि आरी वातानेन, आघाडीवर एकमेकांशी असे भिडले की दोन्ही गाड्या फुटतील अशी भीती संघप्रमुख जाँ तोदला वाटली. त्यानं खिशातून नाणं काढलं आणि उडवलं. ते वातानेनच्या बाजूनं पडलं. चव्वेचाळीस वर्षांचा इक्स त्याच्या मागे दुसरा आला.