टार्टन न्वार

स्कॉटलंडमध्ये घडणाऱ्या आणि तिथल्या शहरांचा, धर्मसंस्कारांचा व वर्गभेदांचा ठसा असलेल्या गुन्हेगारी कादंबऱ्यांना दिलेले नाव. टार्टन म्हणजे स्कॉटिश कुळांचे चौकड्यांचे लोकरी कापड. न्वार म्हणजे फ्रेंच भाषेत काळा. ही संज्ञा अमेरिकन कादंबरीकार जेम्स एलरॉय यांच्या नावावर सांगितली जाते. या कादंबऱ्यांत खून कोणी केला याहून माणूस खुनापर्यंत कसा पोचला, हा प्रश्न मोठा असतो. त्यांची खरी ओढ त्यातच आहे.

पूर्वपीठिका : या परंपरेचे मूळ दुभंगलेल्या माणसाच्या गोष्टीत सापडते. विल्यम ब्रोडी हा एडिंबरामधला नामांकित सुतार, सुतारसंघाचा प्रमुख आणि नगरसभेचा सभासद. दिवसा ज्या घरांची कुलपे-कपाटे तो दुरुस्त करी, तिथल्या किल्ल्यांचे ठसे घेऊन रात्री त्याच घरांत चोऱ्या करी. १७८८ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्या हातचे एक कपाट पुढे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या बालपणीच्या खोलीत होते. ज्या लेखकाने १८८६ मध्ये डॉ. जेकिल आणि मि. हाइड ही जोडगोळी निर्माण केली, तो लहानपणी हे कपाट बघत झोपी जात असे. त्याआधी, १८२४ मध्ये, जेम्स हॉग यांनी आपल्या कादंबरीत एका धर्मवेड्या तरुणाचे चित्र रंगवले होते. ईश्वराने आपला उद्धार आधीच ठरवून ठेवला आहे, तेव्हा कोणतेही पाप आपल्याला बाधणार नाही, या कॅल्व्हिनपंथी समजुतीच्या टोकाला जाऊन तो खून करतो. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल हेही एडिंबराचेच. तिथल्या वैद्यकीय शिक्षणात भेटलेले प्राध्यापक जोसेफ बेल हे होम्सचा नमुना. मात्र होम्स लंडनमध्ये राहिला. स्कॉटलंडच्या रस्त्यांवरची आधुनिक तपासकथा रुजायला आणखी बराच काळ गेला.

आधुनिक प्रारंभ : विल्यम मॅकिल्व्हॅनी (१९३६–२०१५) यांची ‘लेडलॉ’ (१९७७) ही या प्रवाहाची आद्य कादंबरी मानतात. ती ग्लासगोत घडते. एका तरुणीचा खून झाला आहे आणि खुनी कोण, हे वाचकाला लवकरच कळते. उत्कंठा वेगळीच असते : त्या भेदरलेल्या खुनी मुलापर्यंत आधी कोण पोचणार, पोलीस की सूड घ्यायला निघालेले लोक? इन्स्पेक्टर लेडलॉ टेबलाच्या कुलूपबंद खणात किर्केगार, काम्यू आणि उनामुनो यांची पुस्तके ठेवतो. दुसरा एखादा पोलीस जिथे दारूची बाटली लपवील, तिथे हा तत्त्वज्ञान लपवतो. खुन्याला राक्षस ठरवून मोकळे होणे त्याला मान्य नाही.

प्रमुख लेखक : इयन रँकिन यांचा पोलीस अधिकारी जॉन रीबस १९८७ मध्ये ‘नॉट्स अँड क्रॉसेस’मधून अवतरला. तो पुस्तकागणिक वयाने वाढत जातो आणि ‘एक्झिट म्युझिक’मध्ये (२००७) निवृत्तीला येतो, त्याच्यासोबत एडिंबराही बदलत जाते. जुन्या गावाचे अंधारे बोळ आणि अठराव्या शतकात आखलेले नीटनेटके नवे शहर यांतले अंतर चालत काही मिनिटांचे. रीबस ते रोज ओलांडतो. ‘ब्लॅक अँड ब्लू’ला (१९९७) गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला.

व्हॅल मॅक्डर्मिड यांनी फाइफमधल्या कोळसा खाणींच्या गावांना आवाज दिला. ‘अ डार्कर डोमेन’मध्ये (२००८) एक खाणकामगार १९८४ च्या संपात नाहीसा होतो. तो संप फोडून नॉटिंगहॅमच्या खाणीत कामाला गेला असे धरून गावाने त्याचे नाव टाकलेले असते. वीस-बावीस वर्षांनी त्याच्या मुलीला आपल्या आजारी लेकरासाठी अस्थिमज्जा देणारा नातेवाईक हवा असतो, म्हणून ती पोलिसांत जाते. तेव्हा कुठे कोणी त्याला शोधायला लागते. गावाने इतकी वर्षे धरून ठेवलेला राग हाच इथे पहिला पुरावा ठरतो.

डेनिस मीना यांनी ‘गार्नेटहिल’पासून (१९९८) ग्लासगोतल्या पोळलेल्या, दुर्लक्षित स्त्रियांना केंद्रस्थानी आणले. स्ट्यूअर्ट मॅकब्राइड यांनी तेलाच्या पैशाने बदललेले ॲबर्डीन, ॲन क्लीव्ह्ज यांनी शेटलंड, तर पीटर मे यांनी लुईस बेट निवडले. ग्रेम मक्रे बर्नेट यांच्या ‘हिज ब्लडी प्रॉजेक्ट’ला २०१६ च्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत स्थान मिळाले.

कायद्याची चौकट : स्कॉटलंडचा फौजदारी कायदा इंग्लंडहून वेगळा आहे. आकस्मिक मृत्यूची चौकशी प्रोक्युरेटर फिस्कल हा सरकारी वकील करतो. ज्युरीत १५ जण असतात, आणि ‘दोषी’ व ‘निर्दोष’ यांच्या जोडीला ‘सिद्ध झाले नाही’ असा तिसरा निकालही असे. प्रियकराला आर्सेनिक घातल्याच्या आरोपावर ग्लासगोच्या मॅडलीन स्मिथला १८५७ मध्ये हाच निकाल मिळाला. हा तिसरा निकालच रद्द करणारा कायदा स्कॉटिश संसदेने २०२५ मध्ये संमत केला. सुटका झाली तरी संशय अंगाला चिकटून राहावा, ही अवस्था या कादंबरीकारांना न्यायालयानेच पुरवली होती.

आकर्षण आणि महत्त्व : ‘टॅगार्ट’ या ग्लासगोतल्या दूरचित्रवाणी मालिकेने १९८३ पासून या जगाला मोठा प्रेक्षक दिला. २०१२ पासून स्टर्लिंग येथे ‘ब्लडी स्कॉटलंड’ हा महोत्सव भरतो. तिथल्या मुख्य पुरस्काराला मॅकिल्व्हॅनी यांचे नाव आहे. काळा विनोद, पाऊस, पब आणि बोलीचा खरखरीत बाज ही या कादंबऱ्यांची वरवरची ओळख. मात्र वाचक पुन्हापुन्हा परततो तो त्यांतल्या करुणेसाठी. जुन्या धाटणीच्या रहस्यकथेत खुनी सापडला की घडी पुन्हा नीट बसते. इथे तपास पुरा झाल्यावरही मेलेल्याची आई तीच असते, बंद पडलेली खाण तीच असते, आणि तपास करणारा अधिकारी आपलाही यात काही वाटा होता का, हे स्वतःला विचारत घरी जातो.