आतड्याचे दुसरे दार

प्रथिनांचे पचन शिकवताना आपण फळ्यावर एक साखळी काढतो : प्रथिने, पेप्टाइडे, अमिनो आम्ले आणि शेवटी रक्त. पेप्टाइडे पूर्ण तुटल्याशिवाय आतडे ती आत घेत नाही, असे शास्त्रज्ञही सुमारे साठ वर्षे मानत होते.

याला कारणही तसेच होते. १९०१ साली ओटो कोनहाइम यांना आतड्याच्या अस्तरात पेप्टाइडे तोडणारे विकर सापडले. १९१२ मध्ये व्हॅन स्लाइक आणि मेयर यांनी पचनानंतर रक्तातील अमिनो आम्ले वाढतात, हे दाखवले. रक्तात अमिनो आम्ले मिळतात, म्हणजे आतड्यातून तीच आत जात असणार! पण मधल्या पेशीत काय घडते, हे पाहायचे राहूनच गेले.

ते पाहिले शेफील्डच्या न्यूई आणि स्मिथ यांनी. ग्लायसिनच्या दोन रेणूंची जोडी अखंड पेशीत शिरते आणि तिथे तुटते, असे त्यांना १९६० च्या सुमारास आढळले. १९६८ साली लंडनमध्ये डेव्हिड मॅथ्यूज यांच्या गटाने माणसांवर प्रयोग केले. सुट्या ग्लायसिनपेक्षा पेप्टाइडातले ग्लायसिन लवकर शोषले गेले! हार्टनप आजारात काही सुटी अमिनो आम्ले आतड्याला नीट घेता येत नाहीत. पण पेप्टाइडाच्या रूपात ती आत जातात, हेही १९७० मध्ये दिसले. म्हणजे दार दुसरे होते. या दाराचे प्रथिन, 'पेप-टी-वन', १९९४ साली सशाच्या आतड्यातून ओळखले गेले. दोन किंवा तीन अमिनो आम्लांची पेप्टाइडे ते हायड्रोजन आयनाबरोबर आत नेते.

मग म्हातारपणी हे दार बंद होते का? १९९७ मध्ये फ्रान्समधील ब्वारी यांच्या गटाला वृद्ध पुरुषांत वेगळीच गोष्ट दिसली. आहारातील ल्युसिनचा जो वाटा आतडे आणि यकृत पहिल्याच फेरीत ठेवून घेतात, तो तरुणांच्या सुमारे दुप्पट होता. म्हणजे फरक दारापलीकडचा होता. २००९ साली नेदरलँड्समध्ये वृद्ध पुरुषांना दुधातील केसिन आधीच तोडून दिले, तेव्हा ते अखंड केसिनपेक्षा लवकर शोषले गेले. म्हणजे तुकडे समोर आले, की उतारवयातले आतडेही ते झटपट आत घेते.

तेव्हा फळ्यावरच्या साखळीत पेप्टाइडांपासून थेट पेशीकडे जाणारा आणखी एक बाण काढू या. आणि 'वय झाले, आता डाळ-दूध अंगी लागायचे नाही' असे घरात कोणी म्हणालेच, तर आजीच्या ताटातली वाटी उचलण्यापूर्वी हा इतिहास आठवू या.