बैलजोडी आणि कोनाड्यातला कप

औराद तालुक्यातलं आमचं गाव मराठी बोलतं. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तालुके मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात आलो. सोयरिकी मात्र पलीकडेच राहिल्या, आणि आमची तूरही उदगीरच्या मोंढ्यातच जात राहिली.

1962 ला बिदरच्या राखीव जागेवरून काँग्रेसचे रामचंद्र वीरप्पा लोकसभेवर गेले. हुमनाबादचे. 1967 ला पुन्हा तेच उभे होते. मी नऊ वर्षांचा, वडिलांच्या मागे मागे शाळेपर्यंत गेलो. चिन्ह बैलजोडीचं, आमच्या दावणीलाही एक जोडी होतीच. वडील शिक्का मारून बाहेर आले आणि बोटावरची शाई त्यांनी मला कौतुकाने दाखवली.

घरी आल्यावर सालगड्याला चहा दिला. गोठ्याच्या कोनाड्यात त्याचा कप असायचा, कान तुटलेला. आईने वरूनच ओतला. पिऊन झाल्यावर त्याने तो विसळला आणि परत कोनाड्यात पालथा घातला. वीरप्पांसारखा तोही दलितच. मघाशी ज्यांना मत दिलं, तेही आमच्याकडे आले असते तर चहा कशात दिला असता, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही, याची आजही लाज वाटते.

मधल्या काळात शंकरदेव आले, मग नरसिंगराव सूर्यवंशी तीनदा. 1991 ला वीरप्पा परतले, ते कमळ घेऊन. 1996, 1998, 1999, 2004. एकूण सात वेळा खासदार, शेवटी वयाची नव्वदी ओलांडलेली. त्यांच्या पक्षबदलावर पारावर पुष्कळ बोललं जातं. मला त्याहून मोठी वाटते ती ही गोष्ट: कन्नड, मराठी, दख्खनी बोलणाऱ्या, जमिनीच्या उताऱ्यांवर दुसऱ्याच जातींची नावं असलेल्या या मुलखात एका दलित माणसाने दोन पक्षांकडून, चार दशकांच्या अंतराने लोकांची मतं मिळवली.

2004 च्या निवडणुकीनंतर काही महिन्यांतच ते गेले. पोटनिवडणुकीत सूर्यवंशी पुन्हा निवडून आले.

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत बिदरची जागा खुली झाली. 2009 ला धरमसिंग, पुढे दोनदा भगवंत खुबा, 2024 ला सागर खंड्रे. सत्तेचाळीस वर्षं दलित खासदार पाठवणाऱ्या बिदरने जागा खुली झाल्यापासून एकही पाठवलेला नाही. आमच्या घरची मतंही त्यातच आहेत.