ध्वनिमुद्रिका आणि शाहिरी वाणी

आषाढी वारीत नीरास्नान आटोपल्यावर ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम लोणंदास पडतो, आणि तेथून तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. खंडाळा तालुक्यातील या गावच्या परिसरात कीर्तन, भजन आणि भारूड ही केवळ ऐकण्याची नव्हे, तर सहभागी होण्याची गोष्ट आहे. शेजारच्याच वाई तालुक्यातील पसरणी येथे ३ सप्टेंबर १९२३ रोजी कृष्णराव साबळे यांचा जन्म झाला. पुढे ‘शाहीर साबळे’ या नावाने त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. समूहाच्या साक्षीने सिद्ध होणारी ही कला तबकडीत बंदिस्त झाली तेव्हा तिचे काय झाले, हा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारावयास हवा.

जुन्या सातारा जिल्ह्याची शाहिरी परंपरा संपन्न होती. १९४९ मध्ये या जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. त्या दक्षिण भागातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे व वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे गाव होय. पोवाड्यांच्या संकलनाचे मोठे कार्य अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये केले. त्या ग्रंथाने शब्द राखले; परंतु स्वर, आघात व झीलकऱ्यांची साथ छापील पानावर उतरणे शक्यच नव्हते.

ही उणीव ध्वनिमुद्रिकेने भरून काढली, पण त्याची किंमतही घेतली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे साडेतीन मिनिटांत संपते. श्रोत्यांचा कल पाहून पद लांबविणे, मध्येच बतावणी घालणे, प्रसंगोचित टोमणा मारणे या शाहिराच्या हुकमी गोष्टींस तेथे फारसा अवकाश नाही. एकनाथांचे ‘विंचू चावला’ हे भारूड साबळे यांच्या आवाजात लोकप्रिय झाले. भारूड मुळात नाट्यात्म असते. बोलीतील उद्गार आणि संवाद हाच त्याचा प्राण. अभिनय दिसत नसताना तो सर्व भार उच्चारावर पडतो. त्यामुळे मुद्रिकेतील भारूड हे संक्षेप असले, तरी बोलीच्या लयीचा तो मोलाचा पुरावा आहे.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताची जात निराळी. कवी राजा बढे नागपूरचे, संगीतकार श्रीनिवास खळे यांची जडणघडण बडोद्यातील, आणि गायक वाईकडचा. गीताची भाषा कोणत्याही एका प्रांताची बोली नव्हे, तर सर्वांस आपली वाटावी अशी प्रमाण मराठी आहे. १९६० मध्ये भाषिक राज्य अस्तित्वात येत असताना नेमकी अशाच भाषेची निकड होती. तिला शाहिरी आवाज लाभल्यामुळे प्रमाणभाषेतील शब्द सभेच्या मैदानात सहज वावरू लागले. एकच गायक बोलीचे भारूड व प्रमाणभाषेतील गौरवगीत सारख्याच अधिकाराने गातो, ही गोष्ट बोली व प्रमाणभाषा यांत उच्चनीचता मानणाऱ्यांना विचार करावयास लावणारी आहे.

साबळे यांना १९८४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री हे सन्मान लाभले. २० मार्च २०१५ रोजी ते निवर्तले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, हे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. त्यासाठी मूळ गीतातील दोन चरण स्वीकारण्यात आले व अवधी १ मिनिट ४१ सेकंद ठरविण्यात आला. तबकडीने सुरू केलेली मर्यादा येथे राजमान्य झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

राज्यगीतास ठराविक रूप असणे योग्यच. सर्वांनी ते एकसारखे म्हणावयाचे असते. भारुडास मात्र तो न्याय लावता येणार नाही. मुद्रिका हा एका दिवसाच्या, एका गायनाचा पाठ आहे. तोच प्रमाण मानून फडावरील इतर पाठ अशुद्ध ठरविले, तर जे जतन करावयाचे तेच आपण गमावून बसू. म्हणून मुद्रिकांच्या संग्रहाबरोबरच वारीच्या मुक्कामांवर आजही गाइल्या जाणाऱ्या पाठांची नोंद होणे अगत्याचे आहे.